थिजणे, गोठणे, गंजणे: उणे तापमानात सायकल चालती ठेवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जातो. ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी म्युनिकला जायचे आहे आणि सायकल सोबत नेणार आहे. ॲल्युमिनियमची हायब्रिड, पुढे ३ मागे ८ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ७०० बाय ३८ चे टायर. तिथे पारा उणे दहापर्यंत उतरतो म्हणतात. पुण्यातून निघण्याआधी काय करून घेऊ, तिथे काय सांभाळू? आणि हीच तयारी जानेवारीत स्पितीला चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही चालणार. म्युनिकची थंडी ओली आणि खारट आहे, स्पितीची कोरडी. पहिलीत सायकल गंजते, दुसरीत ती थिजते. स्पितीकडे शेवटी येतो.

पुण्यातल्या माणसाला हे समजायला खोबरेल तेलाची बाटली पुरते. डिसेंबरात बाटलीतले तेल पांढरे होऊन बसते, ते गोठत नाही, थिजते. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ते बरेच आहे, कारण सायकलमध्येही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल आणि ग्रीस थिजतात, पाणी गोठते. त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ आले की धातू गंजतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि काही ठिकाणी एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. बहुतेक गडबड इथेच होते: कुणीतरी सांगते ‘भरपूर ग्रीस भर’, दुसरा सांगतो ‘ग्रीस अजिबात नको’, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे आपल्याकडे सायकलमधले पाणी गोठण्याची वेळच आलेली नाही, आणि आपल्या मेकॅनिकला त्याचा विचार करायचे कारणही नाही. मात्र पावसाळ्यात सायकल नीट सांभाळत असाल तर निम्मे काम तुम्हाला येते. पाणी कुठून शिरते, कुठे साचते, हे दोन्हीकडे सारखेच असते. फक्त इथे ते वाळते आणि तिथे त्याचा बर्फ होतो.

फ्रीहब: पहिला दगा इथे

पायडल थांबवले की मागच्या चाकातून कर्रर्र आवाज येतो तो फ्रीहबचा; चाकाच्या मधोमध असलेल्या हबला तो जोडलेला असतो. आत दोन किंवा अधिक छोट्या खिट्ट्या असतात, दुकानात त्यांना कुत्रे म्हणतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते आणि त्या दात्यांत अडकल्या की चाक पुढे जाते. त्या स्प्रिंगची ताकद अगदीच जेमतेम असते. आत बेअरिंगचे जाड ग्रीस भरलेले असेल तर थंडीत ते थिजते, खिट्टी आत चिकटून राहते आणि पायडल दोन्ही दिशांना फुकट फिरते. चाकाला पत्ताच नसतो.

पाणी शिरून गोठले तरी लक्षण हेच दिसते. फरक असा ओळखायचा: ग्रीस थिजत असेल तर आधी काही दिवस कर्रर्र आवाज मंद, दबका होत जातो आणि जोर लावल्यावर पायडल अधूनमधून घसरते. पाणी गोठले असेल तर काल व्यवस्थित असलेली सायकल आज सकाळी एकदम बंद, आणि आठवून पाहिले तर काल ती धुतलेली असते किंवा बर्फाच्या चिखलातून नेलेली असते.

निघण्याआधी पुण्यात ओव्हरहॉलिंग करून घ्याल तेव्हा मेकॅनिकला हे एक वाक्य नक्की सांगा: हबच्या बेअरिंगला ग्रीस भरा, फ्रीहबच्या आत नको. स्वतः करणार असाल तर क्रम असा. मागच्या चाकाची डिस्क आधी काढून बाजूला ठेवा. तेलाचा एक थेंब डिस्कवर पडला तर ब्रेक पॅड वाया जातात. मग कॅसेट, म्हणजे मागची गिअरची चक्रे, काढा, ॲक्सल (चाकाचा आस) बाहेर घ्या. शिमानोच्या नेहमीच्या हबमध्ये फ्रीहबचा बोल्ट १० मिमीच्या ॲलन कीने आतून सुटतो. हा फ्रीहब उघडण्यासाठी बनवलेला नसतो, त्याच्या नादी लागू नका. तो रॉकेलमध्ये बुडवून फिरवा, रॉकेल बदला, पुन्हा फिरवा, खाली काळे यायचे थांबेपर्यंत. मग एक पूर्ण दिवस वाळू द्या. वाळल्यावर मागच्या सीलच्या फटीतून साधारण दोन मिली पातळ सिंथेटिक तेल सोडून फिरवत राहा आणि बाहेर आलेले पुसा.

तेल कुठले? उणे दहासाठी ५डब्ल्यू प्रतीचे सिंथेटिक इंजिन ऑइल पुरते. त्यात अगदी थोडे ग्रीस कालवून मधाइतके दाट केले तर ते लवकर गळून जात नाही आणि खारट पाण्यालाही थोडे अडवते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत घालतात ते एटीएफ आणखी पातळ असते. ते कडक थंडीचे औषध आहे, म्युनिकला त्याची गरज नाही. पातळ तेल ओल्या हवेत धुऊन जाते, त्यामुळे दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सोडावे लागते.

आपण भरलेले तेल थंडीत टिकेल का, हे पुण्यात बसून तपासता येते. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो, म्हणजे म्युनिकच्या थंड रात्रीहूनही खाली. डब्याच्या स्टीलच्या झाकणावर तुमच्याकडच्या प्रत्येक तेलाचा आणि ग्रीसचा वाटाण्याएवढा ठिपका लावा, झाकण घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या आगकाडीने ढकलून पाहा. श्रीखंडासारखे सरकले तर बेअरिंगला चालेल. मेणासारखे कडक झाले तर ते पुण्यातच ठेवा. फ्रीहबसाठी मात्र श्रीखंडही जाड, तिथे तेल वाहिलेच पाहिजे. तेल भरलेला फ्रीहब पिशवीत बंद करून असाच ठेवून पाहा: सकाळी बोटाने फिरवल्यावर टिकटिक स्वच्छ आली पाहिजे. दोन गोष्टी पाळा: रॉकेलने ओला भाग फ्रीझरमध्ये ठेवू नका, त्याची वाफ बंद जागेत धोक्याची असते, आणि डबा खरोखर हवाबंद असू द्या, नाहीतर मटाराला ग्रीसचा वास लागतो आणि मग घरात तुमचीच सायकल चर्चेला येते.

वाटेत फ्रीहब बंद पडलाच तर कढत पाणी ओतू नका. दहा मिनिटे चालेल आणि मग आणखी पक्का गोठेल. प्लॅस्टिकच्या चार-पाच केबल टायने कॅसेटचे सर्वात मोठे चक्र चाकाच्या आऱ्यांना आवळून बांधा. पायडलबरोबर चाक थेट फिरू लागेल आणि तुम्ही घरी पोचाल. पण मग पायडल थांबवायचे नाही, उतारावरसुद्धा नाही, आणि गिअर बदलायचा नाही. पाय थांबवलात तर खालची चेन ताणली जाऊन मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, मोडतो.

बेअरिंगचे उलट आहे

हब, हँडलचा कप, पायडल यांच्या बेअरिंगला उणे दहात साधे लिथियम ग्रीस चालते. थोडे जड फिरेल, पण पायांना ते जाणवत नाही. इथे धोका मीठमिश्रित पाण्याचा, म्हणून ग्रीस सढळ हाताने भरा, छर्रे बसवून कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट) आवळताना कडेने थोडे बाहेर डोकावेल इतके. ते बाहेरचे ग्रीस पूर्ण पुसू नका, तोच पाण्याला बांध. बोटीसाठी मिळणारे वॉटरप्रूफ ग्रीस मिळाले तर उत्तम. सर्वात आधी जातो तो हँडलचा खालचा कप, कारण पुढच्या चाकाचे सगळे शिंतोडे थेट त्याच्यावर उडतात.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा संच, सीलबंद असेल तर आत काही करायचे नाही. पण एकदा बाहेर काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. नेहमीच्या इंग्लिश आट्यांमध्ये चेनच्या बाजूचा कप उलटा सुटतो, हे लक्षात ठेवून पान्हा लावा. काढलाच आहे तर फ्रेमच्या तळाचे भोक मोकळे आहे का पाहा. आपल्याकडे पावसाळ्यातला चिखल बसून ते बुजलेले असते, आणि फ्रेममधले पाणी तिथे साचून गोठते.

फ्रेमची काळजी करू नका. ॲल्युमिनियम थंडीने ठिसूळ होत नाही. ठिसूळ होते ते प्लॅस्टिक: केबल टाय, मडगार्डच्या क्लिपा, दिव्याचे ब्रॅकेट. जुने आहेत ते निघण्याआधी बदला.

गिअरची वायर

नव्वद टक्के ‘गिअर गोठला’ म्हणजे खरे तर आउटरमध्ये, वायरवरच्या आवरणात, पाणी गोठलेले असते. पाणी दोन ठिकाणी साचते: मागच्या डिरेलरजवळ आउटरचे जे अर्धगोल वळण असते तिथे, आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या वायरच्या प्लॅस्टिक खाचेत. वळणाचा तळ सर्वात खाली असल्याने थेंबभर पाणीही तिथेच उतरते. लक्षण असे की गिअर एका दिशेने बदलतो, उलट येत नाही, कारण वायर ओढायला तुमच्या बोटाचा जोर असतो आणि परत यायला फक्त डिरेलरची स्प्रिंग.

जुन्या आउटरला तेल पाजून हे सुटत नाही. पुण्यातच नव्या वायरी आणि आउटर टाकून घ्या. वायर स्टेनलेसची, गिअरला १.२ मिमी, आउटर ४ मिमी आणि आत प्लॅस्टिकची नळी असलेला. टोकांना रबरी सील असलेल्या टोप्या घ्या. फ्रेमवर केबल टायची सोय होत असेल तर शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत अखंड आउटर टाकणे सर्वात चांगले, कारण मग पाणी शिरायला मधली तोंडेच उरत नाहीत. नळीवाल्या आउटरमध्ये ग्रीस भरू नका, थंडीत गिअर रबरासारखा लागतो. दोन्ही टोकांना सिलिकॉन ग्रीसचा ठिपका, आत काही नाही.

पाणी आधीच शिरले असेल तर वायर ओढून काढा, आउटर उभा लटकवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब वरून सोडून फुंका. अल्कोहोल पाण्याला घेऊन बाहेर येते. मग वाळवून कोरडी वायर घाला.

कॅसेटच्या चक्रांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि चेन दात्यांवरून उडते, ती मात्र वायरची चूक नाही. असा दिवस असेल तर घरून निघतानाच मधला गिअर लावा आणि तोच ठेवा. उलट चिखलबर्फातून गेल्यावर हवा अजून थंड होणार असेल तर थांबण्याआधी दोन-तीनदा सगळे गिअर फिरवून घ्या आणि उद्या सकाळी हवा असलेल्या गिअरवरच सायकल उभी करा.

हायड्रॉलिक ब्रेक

तुमच्या ब्रेकमध्ये भरलेले द्रव मिनरल ऑइल आहे की डॉट फ्लुइड, हे आधी लिव्हरच्या झाकणावर वाचा. शिमानो आणि टेक्ट्रोमध्ये मिनरल असते. दोन्ही कधी मिसळू नका, सील फुगून पूर्ण ब्रेक जातो. डॉटच्या मानकात उणे ४० अंशांना फ्लुइड किती दाट असावे यावरच मर्यादा घातलेली आहे, म्हणून कडक थंडीत ते जास्त भरवशाचे. मिनरल ऑइल थंडीत दाट होते, लिव्हर सावकाश परत येते. उणे दहात हे त्रासदायक आहे, धोकादायक नाही.

खरी अडचण वेगळी आहे. डॉट पाणी शोषून स्वतःत मिसळून घेते. मिनरल ऑइलमध्ये पाणी मिसळत नाही, ते जड असल्याने खाली उतरते आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसते. तिथे गोठले तर पिस्टन अडकतो. चार-पाच पावसाळे ब्लीड न केलेल्या, म्हणजे जुने ऑइल काढून नवे न भरलेल्या, पुणेरी ब्रेकमध्ये हे पाणी असण्याची शक्यता चांगलीच आहे. निघण्याआधी दोन्ही ब्रेक नव्या ऑइलने ब्लीड करून घ्या, आणि पिस्टनच्या कडा स्वच्छ करून घ्या.

सकाळी पॅड डिस्कला चिकटलेले असणे हा रोजचा प्रकार. घरापासून शेवटचे पन्नास मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत या, घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडते. मीठ-खडीच्या रस्त्यावर सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड जास्त टिकतात, पण डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे लिहिलेले असेल तर ते लावू नका. पॅडचा एक जादा जोड बॅगेत हवाच. पुण्यात वर्षभर जाणारे पॅड तिथे एका हिवाळ्यात संपू शकतात.

टायर आणि हवा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, म्युनिक ५२०. बाहेरच्या हवेचा दाब जवळपास सारखा, त्यामुळे फरक फक्त तापमानाचा. २५ अंशांच्या खोलीत ६० पीएसआय भरून उणे दहात नेली की काटा सुमारे ५१ दाखवेल. पंक्चर नाही, हवा आक्रसली. म्हणून दाब बाहेर, सायकल गार झाल्यावर मोजायचा.

ताज्या बर्फावर रुंद टायर आणि कमी हवा पुरते. पण बर्फ दाबला जाऊन काचेसारखा झाला, किंवा दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठला, तर कुठलाही रबरी नक्षीकाम केलेला टायर त्यावर टिकत नाही. म्युनिकला दुसरा प्रकार वारंवार होतो, कारण तिथे पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. त्यासाठी खिळ्यांचे टायर घ्यावे लागतात. श्वाल्बे आणि फिनलंडचे सुओमी हे जुने भरवशाचे. खिळे टंगस्टन कार्बाइडचे आहेत का पाहा; साध्या स्टीलचे डांबरी रस्त्यावर लवकर झिजतात. हे पुण्यात शोधत बसू नका, तिथेच घ्या.

एकच घेणे परवडत असेल तर पुढे लावा. मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते, पुढचे घसरले की कळेपर्यंत तुम्ही खाली असता. मागे लावून पुढे साधा ठेवणे ही सर्वात वाईट बचत. शहरी खिळ्यांच्या टायरमध्ये हवेने खेळायचे असते: मोकळ्या डांबरावर जास्त हवा ठेवली की मधला रबर टेकतो, बर्फावर थोडी सोडली की कडेचे खिळे काम करतात. नवे टायर लावल्यावर पहिले ४० ते ५० किलोमीटर डांबरावरून, जोरात ब्रेक न लावता चालवा. त्यात खिळे आपल्या घरात घट्ट बसतात. ही पायरी गाळली की पहिल्याच आठवड्यात खिळे गळतात आणि लोक कंपनीला बोल लावतात. फिरण्याची दिशा बाजूला बाणाने दिलेली असते.

टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान एक सेंटिमीटर फट ठेवा. कमी असेल तर तिथे बर्फ दाबून बसतो आणि चाक ब्रेक लावल्यासारखे थांबते. ७०० बाय ३८ चा टायर आणि मडगार्ड आत्ताच घासून बसत असेल तर खिळ्यांचा ३५ चा घ्या.

पंक्चरचे सोल्युशन थंडीत नीट सुकत नाही आणि ठिगळ धरत नाही. रस्त्यावर ठिगळ लावायचे नाही, ट्यूब बदलायची आणि जुनी घरी आणून चिकटवायची. बॅगेत दोन ट्यूब ठेवा. रबर कडक झाल्याने टायर रिमवरून उतरवायला जोर लागतो, म्हणून चांगल्या प्रतीचे तीन टायर लिव्हर घ्या, स्वस्तातले थंडीत मोडतात. ट्यूबलेस असेल तर सीलंट किती अंशांपर्यंत पातळ राहते ते बाटलीवर वाचून घ्या.

मीठ

ह्याच्यावर बोलावे तितके थोडे. साधे मीठ उणे २१ च्या खाली बर्फ वितळवू शकत नाही, व्यवहारात त्याआधीच त्याचे काम मंदावते. म्हणून अनेक ठिकाणी त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. साधे मीठ पावसाळ्यात मीठदाणीत पाणी सोडते, हे त्याच्याहून हावरट, घराच्या कोरड्या हवेतही ओलेच राहतात. म्हणजे सायकल वाळली असे दिसते तेव्हाही चेनच्या कड्यांत खारे पाणी असते. आणि गंज उबेत वेगाने वाढतो. खारट सायकल न पुसता हीटर लावलेल्या खोलीत ठेवणे बाहेर थंडीत ठेवण्यापेक्षा वाईट.

म्हणून नियम एकच: सायकल घरात आणायची तर पुसून, पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. नाहीतर बाहेर, छपराखाली, कायमची. सर्वात वाईट म्हणजे अर्धा तास आत आणून परत बाहेर नेणे. तेवढ्यात बर्फ वितळून प्रत्येक फटीत शिरतो, वर थंड धातूवर खोलीतला दमट श्वास जमतो, आणि बाहेर गेल्यावर दोन्ही गोठतात. उबेतली सायकल थेट बर्फात नेऊ नका. दहा मिनिटे दाराबाहेर कोरड्या जागी गार होऊ द्या, म्हणजे गरम डिस्कवर आणि टायरवर पडलेला बर्फ वितळून पुन्हा गोठणार नाही.

रोज संध्याकाळी तीन मिनिटे: जुन्या सुती कपड्याने चेन मागे फिरवत पुसा, डिस्कला हात न लावता रिम आणि फ्रेमचा खालचा भाग पुसा. आठवड्यातून एकदा, पारा शून्याच्या वर असेल अशा दिवशी, बादलीभर कोमट पाणी आणि स्पंजाने धुवा. प्रेशरचा पाइप नको, तो बेअरिंगच्या सीलमधून खारे पाणी आत घालतो. धुतल्यावर डब्ल्यूडी-४० चेनवर मारले तर चालते, पण ते पाणी हटवायला; वंगण म्हणून ते टिकत नाही. पुसून झाल्यावर ओल्या हवेसाठीचे चेन ऑइल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, म्हणजे साधारण ११० ते ११५ थेंब. दहा मिनिटांनी बाहेरचे सगळे पुसून टाका. आत असते ते वंगण, बाहेर राहते ते फक्त खडी गोळा करते. चेनला तेलाऐवजी मेण लावायला आवडत असेल तर ते उन्हाळ्यासाठी ठेवा. खारट पाण्यात मेण गेले की दोन दिवसांत चेन लाल होते.

८ गिअरची चेन स्वस्त पडते, हे तुमच्या सायकलचे मोठे भाग्य. निकेल चढवलेली किंवा केएमसीची गंजरोधक लेपाची घ्या. चेन मोजण्याची पट्टी ठेवा आणि ०.७५ टक्के लांबली की लगेच बदला. उशीर केलात तर कॅसेटही जाते.

ॲल्युमिनियम आणि स्टील यांच्या जोडात खारे पाणी गेले की दोन्ही एकमेकांत कायमचे बसतात. पायडलच्या आट्या, सीट पोस्ट, हँडलचा स्टेम, मडगार्डचे स्क्रू हे सर्व विमानात चढवण्यासाठी सायकल खोलाल तेव्हा ग्रीस लावूनच परत जोडा. सीट पोस्ट महिन्यातून एकदा वर ओढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवा. आऱ्यांच्या निपल (आरे रिमला धरणारे छोटे नट) पितळेच्या आहेत का पाहा. ॲल्युमिनियमच्या असतील तर मिठात त्या आतून कुरतडल्या जातात आणि पुढच्या वेळी चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना तुटतात.

दिवा, बॅटरी, कुलूप

डिसेंबरात म्युनिकला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. ऑफिसची जा-ये दोन्ही अंधारात. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, तिला कायमची इजा होते. घरात आणून अर्धा तास जाऊ द्या, मग प्लग लावा. थंडीत ती लवकर संपते, म्हणून दिवा काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. सेलचा दिवा असेल तर अल्कलाइनऐवजी लिथियमचे एए सेल वापरा. दोन वर्षांसाठी जाताय तर फिरता फिरता दिव्यासाठी वीज तयार करणाऱ्या डायनॅमो हबचे पुढचे चाक हा सर्वात निर्वेध उपाय.

कुलपाच्या भोकात पाणी गोठते. भोक खाली तोंड करून कुलूप लावा, आत पातळ तेल किंवा ग्राफाइट, ग्रीस कधीच नाही. अडकले तर किल्ली लायटरने गरम करून घाला, जोर लावून पिळू नका.

स्पिती

स्पितीतले काझा ३,६०० मीटरच्या वर, जानेवारीच्या रात्री उणे वीसच्या आसपास. रस्त्यावर मीठ नाही, हवा कोरडी. इथे गंजाची भीती सोडा आणि थिजण्याची धरा. फ्रीहबमध्ये फक्त एटीएफ, ग्रीसचा अंशही नाही. बेअरिंगला कमी तापमानाचे सिंथेटिक ग्रीस, तेही हलक्या हाताने. म्युनिकसाठी भरलेले वॉटरप्रूफ ग्रीस इथे लगदा होते. चेनला पातळ तेल. तारेचा डिस्क ब्रेक इथे मिनरल ऑइलच्या ब्रेकपेक्षा बरा, कारण बिघडला तर वाटेत दुरुस्त होतो. सस्पेन्शन फोर्क असेल तर तो जवळपास कडक होतो, त्याचे वजन वाहून काय मिळणार? वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी झाल्याने टायरचा काटा थोडा वाढतो आणि थंडीने उतरतो, दोन्ही एकमेकांना काहीसे भागवतात, तरी तिथे पोचून मोजाच. पायडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट नको. खाली बर्फ दाबून बसतो, क्लिप लागत नाही आणि धातूची क्लिट तळव्यातली ऊब बाहेर ओढते. पिनांचे सपाट प्लॅस्टिक पायडल आणि एक माप मोठे बूट.

मार्च संपला की

जर्मनीत गाडीचे हिवाळी टायर ‘ओ ते ओ’ म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ईस्टरपर्यंत, असा ठोकताळा आहे; सायकललाही तोच लावा. खिळ्यांचे टायर काढून धुवा, वाळवा आणि अंधाऱ्या गार जागी टांगा. चेन सरळ फेकून द्या. कॅसेट काढून तिच्यामागचा फ्रीहब रॉकेलने धुवा, हँडलचा खालचा कप उघडून छर्रे मोजून बदला, ब्रेक पॅड काढून त्यांच्या मागची पत्रे गंजली आहेत का पाहा, आणि प्रत्येक बोल्ट एकदा सोडवून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. एखादा सुटला नाही तर आणखी एक हिवाळा जाऊ देऊ नका, तिथल्या तिथे भेदक तेल सोडून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा पान्हा लावा.